अक्काची ती आणि आमचा तो

माझी नोकरी लेकरांची वजनं करायची. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून उमरीकडची बरीच गावं माझ्याकडे आहेत. सकाळी नांदेडहून निघायचं, दिवसभर वजनकाटा, उंचीची पट्टी आणि गळा काढून रडणारी लेकरं, दिवेलागणीला घरी. तिथं आयांना मी एक गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की आता ती माझी मलाच ऐकू येत नाही. "बाई, जावेच्या लेकराशी आपल्या लेकराची तुलना करू नको. ज्याची त्याची वाढ ज्याच्या त्याच्या चालीनं होते." आया माना डोलावतात आणि मी पाठ फिरवली की जावेच्या लेकराचं वजन विचारतात. मी त्यांना मनातल्या मनात हसायचे. मग आमच्या घरी कोळी आला.

आणला लेकीनं. ती संभाजीनगरला प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, पाया पडली आणि बॅगेतून ओढणीत गुंडाळलेल्या दोन डब्या काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. औषधाच्या गोळ्या येतात तसल्या पारदर्शक डब्या, झाकणाला भोकं. आत नारळाचा भुसा, आणि भुशावर मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी. त्याला पाय होते हे चष्मा लावल्यावर दिसलं.

"टॅरंटुला आहेत," ती म्हणाली. "दक्षिण अमेरिकेतली जात. वर्गातल्या एकाकडे पाळलेली मादी आहे, तिची पिल्लं. मोठी झाली की तुझ्या पंजाएवढी होतात."

माझ्या नवऱ्याचं कूलर-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. कुठलीही वस्तू समोर आली की आधी उलटी करून बघायची त्याची सवय. त्यानं डबी उचलली तशी लेकीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"पण हे इथं कशाला?" मी विचारलं.

"होस्टेलवर रूममेट म्हणते, एक तर हे राहतील नाहीतर मी राहीन."

"मग रूममेट बदल," नवरा म्हणाला.

"बदलली. ही दुसरी आहे."

दोघांपैकी एक आमच्याकडे आणि दुसरा लातूरला मावशीकडे ठेवायचा, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. दोन्ही एकाच घरी का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "एका घरात ठेवले तर एकाच चुकीनं दोन्ही जातील." शिकून शहाणी झालेली पोरगी आईबापाला किती ओळखते ते त्या दिवशी कळलं.

लातूरची मावशी म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. आम्हा दोघींची लेकरं थोड्याथोड्या अंतरानं झाली. त्यामुळं पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं एकमेकींना कळवलं जायचं. बहुतेक वेळा अक्का पुढं असायची. तिला दोन मुलगे. लेकीची तिला फार हौस होती, ती राहून गेली. आता दोन्ही मुलगे शिकायला बाहेर आणि घर रिकामं. त्यामुळं भाचीनं डबी पुढं केली तेव्हा तिनं आत काय आहे हे नीट न बघताच हातात घेतली, आणि बघितल्यावर म्हणाली, "बाई गं, केवढीशी हाय ही."

ती 'ही' तेव्हाच झाली. आम्ही आमच्याला 'तो' म्हणायचो, कारण कोळी म्हटलं की 'तो'च. त्यामागे दुसरा विचार नव्हता.

लेक सूचना देऊन गेली. चार-पाच दिवसांनी एखादा लहानसा किडा द्यायचा, तोही मारून, कारण एवढ्याशा जीवाला जिवंत किडाच त्रास देतो. भुसा एका कोपऱ्यात जरा ओला ठेवायचा. आणि फवारलेल्या घरातला किडा अजिबात द्यायचा नाही, औषध याच्याही पोटात जातं.

आता माझ्या घरात झुरळ मिळत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, त्या दिवसात ती मोठीच अडचण होती. शेवटी मी खालच्या मजल्यावर आपांकडे गेले. आपांचं घर पिढ्यान्‌पिढ्या गाद्या-रजया भरणारं. त्या वऱ्हांड्यात बसून रजईला टाके घालत होत्या.

"आपा," मी म्हटलं, "तुमच्याकडं एखादं झुरळ असेल का?"

सुई थांबली. "आमच्याकडं झुरळ हाय असं कोन बोल्लं तुमाला?"

"कुणी नाही. मला पाहिजे होतं."

"झुरळ कायको होना तुमाला?"

मी सगळं सांगितलं. आपांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पोरगी तुमची, कोळी तुमचा, आन झुरळं माझ्या सैपाकघरात शोधून राहिल्या."

पुढं दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः जिना चढून वर आल्या. हातात मुरंब्याची रिकामी बाटली, तिच्यात एक झुरळ. "हे आमचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या बहिनीकडचं हाय." त्यानंतर झुरळांची सोय कायमची झाली. कधी बहिणीकडचं, कधी दिराच्या दुकानातलं, कधी मशिदीमागच्या गल्लीतलं. आपांच्या घरचं मात्र एकही नव्हतं.

मी जन्माची शाकाहारी. पहिल्या दिवशी चिमट्यानं झुरळाची तंगडी तोडून डबीत टाकली आणि हात साबणानं धुवून परत धुतला. बराच वेळ काही झालं नाही. मग तो मुगाचा दाणा पुढं सरकला, तंगडी धरली आणि घेऊन बसला. "खाल्लं," मी म्हटलं. गावोगाव न खाणारी लेकरं बघून बघून माझे कान त्या एका शब्दाला आसुसलेले असतात. त्या दिवसापासून तो आमचा झाला.

आणि काही आठवड्यांतच त्यानं खायचं सोडलं.

न खाणारं लेकरू हा माझ्या रोजच्या कामातला विषय. आधी तुकडा लहान केला. मग तंगडीऐवजी पोटाकडचा मऊ भाग दिला. मग जागा बदलून दिला. तो नुसता पाठ करून बसायचा. अंगाचा रंग उतरलेला, पोट काळपट आणि चकचकीत. मी लेकीला फोन केला.

"कात टाकणार असेल," ती म्हणाली. "खायचं सोडणं हीच खूण. आई, त्याला काही भरवू नकोस, हलवू नकोस. नुसता भुसा ओला ठेव."

"पण किती दिवस?"

"ते त्याला विचार."

एका रविवारी सकाळी नवरा चहाचा कप घेऊन टेबलापाशी गेला आणि तिथूनच हलक्या आवाजात म्हणाला, "गेलं गं ते."

मी जाऊन बघितलं. तो उताणा पडला होता, सगळे पाय वर. मला वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं. लेकीला फोन लावला, तो लागेना. नवरा म्हणाला, रविवार आहे, आपण दोघं आहोत, आत्ताच काय ते करून टाकू. डबी आणि एक चमचा घेऊन तो गॅलरीत गेला आणि तुळशीच्या कुंडीत उकरायला लागला. मी म्हटलं, तुळशीत कोळी पुरतात का कुठं, मोगऱ्यात पुरा. तो म्हणाला, मोगऱ्याला आत्ताच पाणी घातलंय, चिखल आहे. मी म्हटलं, चिखल तर चिखल. तो म्हणाला, एवढे दिवस पाळला आणि चिखलात घालायचा का. ह्या वादात थोडा वेळ गेला, आणि त्या कोळ्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या थोड्या वेळावर उभं आहे.

कारण तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"उताणा झालाय? मग कात टाकतोय तो. मरताना पाय आत ओढून बसतात, उताणे होत नाहीत. हात लावू नका. डबी कुठं आहे?"

"गॅलरीत."

"गॅलरीत का?"

"हवा खायला," मी म्हटलं. नवऱ्यानं चमचा पाठीमागं लपवला, जणू तिला फोनमधून दिसणार होता.

आम्ही डबी जपून आत आणली. आपा त्यांची बाटली घेऊन आल्या होत्या, त्याही बसल्या. तिघांची डोकी एका गोळ्यांच्या डबीवर. आधी छातीवरचं टरफल एखाद्या झाकणासारखं सुटलं. मग सगळे पाय एकदमच, अगदी हळूहळू बाहेर यायला लागले. ओला चुडीदार काढताना जसा पायाला चिकटतो आणि जोर केला की फाटेल म्हणून जपून ओढावा लागतो, तसं. मध्येच तो थांबायचा. तो थांबला की आपाही श्वास धरायच्या.

"हे तर बाळंतपनच हाय की," त्या म्हणाल्या.

पुरता बाहेर आला तेव्हा तो फिकट, ओलसर आणि पहिल्यापेक्षा ठळक मोठा होता. एवढा मोठा जीव त्या टरफलात मावला कसा हेच कळेना. शेजारी जुनी कात पडलेली, आठ पायांसकट अख्खी. आपांनी दोन्हीकडं बघितलं. "आता खरा कोनचा?" त्यांनी विचारलं. नवऱ्यानं बोट दाखवलं, पण थोडा विचार करून.

मी लगेच लातूरला फोन लावला. "अक्का, आमच्यानं कात टाकली."

"हाव का?" अक्का म्हणाली. "आमचीनं तर बुधवारीच टाकली."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"नजर लागंल म्हनून न्हाई सांगितलं."

तिथून ते सुरू झालं.

माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, लातुरात बारावीच्या मुलांचे भौतिकशास्त्राचे क्लास घेतात. लातुरात राहायचं, क्लास चालवायचे आणि घरातल्या जीवाला नुसतं आपोआप वाढू द्यायचं, हे त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. त्यांनी थर्माकोलच्या पेटीत मंद बल्ब लावला, तापमापक टांगला आणि अक्काच्या तिला त्यात ठेवलं. पुण्याहून रातकिड्यांचं पार्सल मागवायला लागले. पोट जरा बारीक दिसलं की खाऊ. "हुशार आहे ती," ते मला फोनवर म्हणाले. "फक्त वातावरण मिळालं पाहिजे. बेसिक आत्ताच पक्कं झालं की पुढं त्रास नाही."

लहानपणी हे कोळी लवकर लवकर कात टाकतात, साधारण महिन्या-दीड महिन्यानं. जसजसे वाढतात तसतसं अंतर लांबत जातं. पण आमचा एक कात टाकायचा तोवर अक्काची दुसरीच्या तयारीला लागलेली असायची. अक्का फोटो पाठवायची, ती बांगडीशेजारी. मी फोटो पाठवायचे, तो बिस्किटाशेजारी. लेक म्हणाली, "तुम्ही दोघी एकाच वस्तूशेजारी का ठेवत नाही?" एकाच वस्तूशेजारी ठेवलं असतं तर खरं काय ते कळलं असतं, म्हणून आम्ही दोघींनी ते टाळलं.

मग मी गुपचूप खाऊ वाढवला. आपांचा पुरवठा चांगला होता. सकाळी कामावर जाताना एक, आल्यावर पुन्हा एक. पोट टरारून काळ्या द्राक्षासारखं झालं. मला बाई फार समाधान वाटायचं. एक दिवस लेकीनं व्हिडिओ कॉलवर बघितलं.

"आई, हे काय करून ठेवलंस? एवढ्या पोटानं उंचावरून पडला तर पोट फुटेल त्याचं."

"मी काही केलं नाही. यंदा झुरळंच मोठी येऊन राहिलीत."

"हे बघ," ती म्हणाली. "जास्त खाऊ आणि जास्त ऊब दिली की पुढची कात लवकर येते, हे खरं आहे. म्हणून मावशीची पुढं आहे. पण लवकर म्हणजे चांगलं असं नसतं. काही मुळातच सावकाश वाढतात. ज्याची त्याची चाल असते."

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी उमरीकडच्या एका गावात तेच वाक्य मला एका आईला सांगायचं होतं. त्या दिवशी मी ते जरा खालच्या आवाजात सांगितलं.

उन्हाळा आला. नांदेडचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. दर वर्षी "दुरुस्तीवाल्याच्या घरी कूलर सगळ्यात शेवटी" अशी आमची रीत, गिऱ्हाइकांचे सगळे झाल्यावर मे उतरताना कधीतरी आमचा लागायचा. त्या वर्षी मार्चातच लागला, आणि त्याचं तोंड टेबलाकडं होतं. आम्ही दोघं त्या वाऱ्याच्या कडेकडेनं झोपलो. तिकडं दाजींना लातुरात बल्ब बंद करावा लागला. ते अक्काला म्हणाले, "आता सगळ्यांना सारखंच तापमान. इथून पुढं खरी गुणवत्ता दिसेल."

त्याच उन्हाळ्यात एक वाईट गोष्ट झाली. तोवर आमचा लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत राहायला गेला होता. नवऱ्यानं झाकण लावताना घाई केली आणि त्याचा एक पाय काठावर सापडून तुटला. नवरा त्या दिवशी जेवला नाही. "मी रोज कॉम्प्रेसर उघडतो," तो म्हणत होता, "आन मला एक झाकन लावता येईना." लेक म्हणाली, काळजी करू नका, पुढच्या कातीत येईल. आमचा विश्वास बसला नाही. पण पुढची कात टाकली तेव्हा तिथं खरंच एक पाय होता, बारीक, दोऱ्यासारखा, इतरांच्या निम्म्यानं. त्याच्या पुढच्या कातीत तो इतरांच्या जवळपास आला. नवरा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायला लागला. फ्रिजचा पार्ट मिळत नाही म्हणून वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांना ती फारशी आवडायची नाही.

असं करता करता दीडएक वर्ष गेलं. लेकीनं दोन्ही घरी सांगून ठेवलं होतं की आता कात मोठी येतेय, ती जपून ठेवा, मी आले की बघते. कातीच्या आतल्या बाजूला पोटाच्या भागात मादीची एक खूण असते म्हणे, त्यावरून नर की मादी ते कळतं. ती सुट्टीला येणार म्हटल्यावर अक्का लातूरहून निघाली. कात काडेपेटीत घालून पर्समध्ये, आणि ती स्वतः डब्यात, डबा मांडीवर. दाजींचे क्लास चालू होते, म्हणून एकटीच एसटीनं.

कंडक्टर म्हणाला, "बाई, डबा वर ठिवा की."

"नको. जीव हाय त्याच्यात."

"कोंबडी हाय का? तिकीट लागंल."

अक्कानं डब्यावरची ओढणी बाजूला करून दाखवलं. कंडक्टरनं तिकिटाचं नाव काढलं नाही. तिच्या शेजारची सीट पार लोह्यापर्यंत रिकामी आली. हे तिनं आम्हाला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे.

दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा मात्र बिस्किट-बांगडीचा प्रश्न संपला. अक्काची ती आमच्या त्याच्या जवळजवळ दीडपट होती. लांब पाय, ऐटदार. आमचा बुटका, ढेरपोट्या, कोपऱ्यात बसलेला. अक्का म्हणाली, "तुझाबी चांगला हाय गं." ती हे म्हणाली त्या सुरात बक्षीस न मिळालेल्या मुलाच्या आईशी बोलतात. मी चहा टाकायला आत गेले.

लेकीनं दोन्ही काती साबणाच्या पाण्यात भिजवल्या. मऊ झाल्यावर बारीक कुंचल्यानं काचेवर पसरल्या आणि भिंगातून बघायला लागली. आधी आमची. "ही मादी आहे," ती म्हणाली. "दिसतेय स्पष्ट."

नवरा बरणीकडं बघून म्हणाला, "म्हणजे आम्ही इतके दिवस हिला 'अरे' म्हणत होतो."

मग अक्काची. या वेळी लेकीनं जास्त वेळ घेतला. काच फिरवली, दिवा जवळ आणला. अक्का तिच्या खांद्यावरून बघत होती, जणू तिलाही दिसणार होतं.

"मावशी," लेक म्हणाली, "हा नर आहे."

अक्का खुर्ची ओढून बसली. डब्यावरची ओढणी सरळ केली. मग म्हणाली, "पुन्हा बघ."

लेकीनं पुन्हा बघितलं. तेच निघालं.

"हाबी पोरगाच," अक्का म्हणाली. आम्ही सगळे हसलो, तीही हसली, पण थांबली ती सगळ्यांच्या आधी.

दाजींना फोनवर कळवलं. त्यांनी थोडा विचार करून विचारलं, "रीचेकिंगची सोय असते का यात?"

त्या दुपारी मला गंमत वाटत होती, नाही कसं म्हणू. पण जेवताना लेकीनं पुढचं सांगितलं आणि गंमत गेली. नर लवकर वाढतात. खाऊ-उबेनं आणखी लवकर. मग एक शेवटची कात टाकतात आणि तिथं त्यांची वाढ संपते. त्यानंतर वर्ष मिळालं तर पुष्कळ, बहुतेकांना काही महिनेच. मादी मात्र सावकाश वाढते, मोठी झाल्यावरही वर्षाकाठी कात टाकत राहते आणि पंधरा-वीस वर्षं जगते.

"म्हंजे आमी त्याला घाई केली," अक्का म्हणाली.

"घाई नसती केली तरी हेच झालं असतं, मावशी. थोडं उशिरा."

"थोडं उशिरा झालं असतं की मंग," अक्का म्हणाली. ताटातली भाकरी तिनं तशीच ठेवली.

ती दुसऱ्या दिवशी परत गेली. त्यानंतर फोनवर बढाई आली नाही. त्यानं शेवटची कात टाकली ते तिनं मला दोन दिवसांनी सांगितलं. आता पाय आणखी लांब आणि काळेभोर झालेत, तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांना टोकाला गाठी आल्यात, पुढच्या पायांना आकडे आलेत. खाणं जवळजवळ सोडलंय. दिवसभर डब्यात फेऱ्या मारतो.

"मादी शोधतोय," लेकीनं सांगितलं.

"लगनाला आलाय म्हन की," अक्का म्हणाली आणि कामाला लागली. आधी तिनं आमचीच विचारली. लेक म्हणाली, मावशी, ते सख्खे बहीण-भाऊ आहेत. अक्का ओशाळली. मग लेकीनं पुण्याच्या एकाकडं मोठी मादी आहे असं कळवलं. दाजी एका रविवारी गाडी घेऊन जायला तयार झाले. अक्कानं मला विचारलं, "वरपक्षाकडून काय घिऊन जायचं असतं यात?" मी म्हटलं, रातकिडे. सगळं ठरत आलं असताना लेकीला आठवण झाली की एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. कधी कधी मादी नराला खाऊन टाकते.

"लगनानंतर?" अक्कानं विचारलं.

"कधी नंतर, कधी आधीच."

"असलं स्थळ नको मला," अक्का म्हणाली. दाजींनी तिला बरंच समजावलं, शक्यता किती, धोका किती. ती ऐकेना. "माझं लेकरू हाय ते. फेऱ्या मारंल तर मारू दे. घरात मारू दे."

त्यानं घरातच फेऱ्या मारल्या. अक्कानं त्याला मोठी काचेची पेटी करून घेतली, म्हणजे फेऱ्या जरा लांबच्या होतील. दाजी क्लासहून आले की पेटीपाशी बसायचे. बल्बची पेटी त्यांनी स्वतःच माळ्यावर टाकली. एकदा मी लातूरला गेले तेव्हा बघितलं, दाजी त्याला काहीच शिकवत नव्हते, भरवत नव्हते, नुसते बघत बसले होते. मला म्हणाले, "याच्या आता कुठल्याच परीक्षा राहिल्या नाहीत."

थंडी सरता सरता तो गेला. या वेळी पाय आत ओढलेले होते, म्हणजे खरंच गेला होता. अक्काचा फोन आला तेव्हा मी उमरीच्या बाजूला एका अंगणवाडीत होते. मी रजा टाकून लातूरला गेले. कोळी गेला म्हणून रजा, हे अर्जात लिहिता येईना. "नातेवाईक" असं लिहिलं आणि ते मला खोटं वाटलं नाही. अक्कानं त्याला जास्वंदीच्या कुंडीत ठेवलं होतं. आम्ही दोघी गॅलरीत चहा पीत बसलो.

"तुझी किती जगंल?" तिनं विचारलं.

"पंधरा-वीस वर्षं म्हणतात."

तिनं मनातल्या मनात हिशेब केला. तो मीही आधीच केला होता. "तवर आपन किती म्हाताऱ्या होऊ गं," ती म्हणाली. "मंग तिला कोन बघनार?"

"तू बघशील. तू थोरली आहेस, तू आधी रिटायर."

ती हसली. मग म्हणाली, "आता कवा टाकनार कात?"

आता आमचीची कात वर्षातून एकदाच येते. तिनं खाणं सोडलं की मी अक्काला कळवते, आणि अक्का लातूरहून येते. बाळंतपणाला यावं तशी, डिंकाचे लाडू घेऊन. लाडू आम्ही दोघी आणि आपा खातो. नवरा कूलरमध्ये पाणी घालतो आणि बरणीला हात लावत नाही. गेल्या खेपेला आमची चांगले दोन आठवडे कातीला अडून बसली. दाजींचे फोन यायला लागले की तू परत कधी येणार, घरात भाकरी कुणी करायची. अक्का टेबलाशी बसून होती. तिनं दाजींना सांगितलं, "हिचं उरकलं की येते. घाई करू नका. लेकीची जात हाय, तिच्या मनानं होऊ द्या."